सोलो पाठ झाला, आता ड्रमर ऐक

काय गं,

तू पाठवलेली क्लिप दोनदा ऐकली. डोअर्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'लाइट माय फायर'चा सोलो टॅब (गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते लिहिलेला कागद) बघून बसवलायस, सूर कुठे चुकलेला नाही, बोटं मस्त पळतायत, पण ऐकताना पाढे म्हटल्यासारखं वाटलं बघ. राग मानू नकोस, मीही असाच शिकलो, आणि माझ्या कॅसेटवर तर रेडिओसाठी कापलेलं व्हर्जन होतं, तीन मिनिटांच्या आतलं, मधले सोलो जवळपास उडवलेले, 1967 मध्ये अमेरिकेत नंबर वन झालं ते. पुढे अल्बमवरचं सात मिनिटांचं ऐकलं तर कळेना की मधेच हे काय सुरू झालं.

ते जॅझ सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनकडून आलंय. त्याचं 'माय फेवरिट थिंग्ज' 1960 चं रेकॉर्डिंग, जवळजवळ चौदा मिनिटांचं, गाणं मूळचं नाटकातलं, साधं गोड, पण हा धून वाजवून झाली की मॅकॉय टायनरला पियानोवर दोनच कॉर्ड घोळवत ठेवतो आणि स्वतः सोप्रानो सॅक्स घेऊन सुटतो. डोअर्सनी हेच उचललं. ए मायनर, बी मायनर, परत ए मायनर, बी मायनर, बस्स, एवढंच. त्यावर आधी मॅन्झरेकचा ऑर्गन मग क्रीगरची गिटार. कोल्ट्रेनचं तीन मात्रांत चालतं, यांचं चारात, एवढाच काय तो फरक.

आता गंमत बघ, कॉर्ड पुढे सरकतच नाहीत म्हटल्यावर तुला ढकलायला कोणी नाही, जे काय चढवायचं ते तूच चढवायचं. आपल्याकडे तंबोऱ्यावर बढत करतात तसंच की. तू पहिल्या चार बारमध्येच सगळा दारूगोळा उडवतेस, मग पुढे काय करणार? आणि डेन्समोर ऐक गं, डोअर्सचा ड्रमर. तो कोल्ट्रेनच्या ड्रमरचा, एल्विन जोन्सचा भक्त, नुसता ठेका धरून बसत नाही, सोलोवाल्याला उत्तरं देतो, डिवचतो. टॅबमध्ये हे कुठे लिहिलेलं नसतं.

रॉकमध्ये जॅझ म्हटलं की स्टीली डॅन या बँडचं नाव सगळेच घेतात, 'आजा' वर (1977) वेन शॉर्टरचा सोलो भारीच आहे, पण तिथे जॅझवाल्यालाच बोलावून वाजवून घेतलंय. क्रीगर 'लाइट माय फायर' रेकॉर्ड करताना वीस वर्षांचा होता, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो. बर्ड्स बँडचं 'एट माइल्स हाय' (1966) मात्र ऐकच, त्यांचा मॅग्विन बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारवर कोल्ट्रेनच्या सॅक्सची नक्कल करायला बघतो, आणि कोल्ट्रेनच्या ज्या ट्यूनवरून ते घेतलं तिचं नावच 'इंडिया'! कोल्ट्रेन तेव्हा रविशंकर ऐकत होता, पुढे मुलाचं नाव रवी ठेवलं त्याने. म्हणजे आपलंच कुठून कुठे फिरून आलंय बघ.

तर आठवडाभर टॅब बंद. फोनवर ते दोन कॉर्ड लूप कर, पहिली दोन मिनिटं फक्त तीन सूर वापर, कंटाळा आला तरी चौथा घ्यायचा नाही. रविवारी ये, मी टेबलावर ठेका धरतो. अँप आणू नकोस, खालच्या काकू परत वर येतील.