गोव्यात ग्रामसभेत आपला प्रश्न कसा मांडायचा, मला तर बोलायलाच देत नाहीत?

अहो, तोंडी बोलायला उभं राहिलात की गोंधळात विषय वाहून जातो, म्हणून आधी लेखी द्या. साध्या कागदावर, रस्त्यावरचा दिवा असो नाहीतर गटार, वाडा आणि जागा नीट लिहून पंचायतीच्या सचिवाकडे द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर, म्हणजे अर्ज मिळाल्याचा आवक क्रमांक, आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या वाड्यावरच्या गटाराचं दोन वर्षं नुसतं बोलणंच चाललेलं, शिक्क्याची प्रत दाखवली तेव्हा कुठे ठरावात आलं.

१९९४ च्या पंचायत राज कायद्यात नेहमीची ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी, आणि खास सभा २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपल्या मुक्तीदिनी १९ डिसेंबरला, म्हणजे संधी भरपूर आहेत. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतात ना, तेव्हा कान देऊन ऐका, आपला ठराव चुकीचा लिहिला असेल तर तिथल्या तिथे उठून दुरुस्त करायला सांगा. आणि एकटे जाऊ नका हो, शेजारची चार माणसं, बायकासुद्धा, सोबत न्या. इतिवृत्ताची प्रत द्यायला टाळाटाळ केली तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.