‘माझी कुणाशी ओळखच नाही’

नोकरी बदलू पाहणारी माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचे गाऱ्हाणे दोन वाक्यांत मावते. पहिले, ‘मुलाखतीत माझी बोबडी वळते’, आणि दुसरे, ‘माझी कुणाशी ओळख नाही, आणि ओळख काढून नोकरी मागणे माझ्याच्याने होणार नाही’. पहिल्यासाठी ती उपाय विचारतात; दुसरे मात्र आपला स्वभावच तसा आहे, असे सांगून मोकळी होतात. इतकी वर्षे ही वाक्ये जोडीने ऐकल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की ती दोन तक्रारी नसून एकाच भीतीची दोन रूपे आहेत. हे ज्या एका व्यक्तीच्या संदर्भात मला सर्वांत स्पष्ट दिसले, तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे लिहीत आहे.

त्या पस्तिशीच्या होत्या. एका उत्पादक कंपनीच्या खरेदी विभागात त्यांनी बरीच वर्षे काढली होती, काम चोख होते, पण बढती थांबली होती आणि कामातले मनही उडाले होते. लागोपाठ काही मुलाखतींत नकार पचवून त्या आल्या, त्या एक जाडजूड वही घेऊनच. वहीत प्रश्न निळ्या शाईने लिहिलेले, उत्तरे काळ्या शाईने आणि समासात तांबड्या शाईने ‘येथे हसणे’, ‘येथे थांबणे’ अशा सूचना. ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितले.

‘आमच्या विभागाने पुरवठादारांशी नव्याने करार करून खर्च आटोक्यात आणला,’ त्यांनी वाचले.

‘यात तुम्ही काय केलेत?’

‘करार मीच केले, मॅडम. पण उठता-बसता मी मी करणे बरे दिसत नाही.’

‘मग समोरचे लोक तुमच्या विभागाला नोकरीवर घेणार आहेत का?’

त्या हसल्या, पण वही मिटेनात. पुढच्या भेटीत आम्ही उत्तरे बाजूला ठेवली आणि प्रसंग गोळा करायला घेतले. मुलाखतीची तयारी म्हणजे उत्तरांचे पाठांतर, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते, कारण प्रश्नाचा एखादा शब्द बदलला की पाठ केलेले उत्तर निसटते आणि माणूस समोरच्याचे ऐकण्याऐवजी हरवलेली ओळ शोधत बसतो. त्याऐवजी स्वतःच्या कामातले पाच-सहा प्रसंग निवडावेत: एखादी अडचण, एखादा मतभेद, एखादे फसलेले काम, अभिमान वाटावा असे एखादे यश. प्रत्येकात परिस्थिती काय होती, मी नेमके काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि आज तेच काम वेगळे कसे करेन, एवढे सुटसुटीत सांगता आले पाहिजे. ते मनात घोळवून भागत नाही; मोठ्याने बोलावे, फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि ऐकावे. हे ऐकणे सुरुवातीला असह्य होते, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. अनेक मोठ्या संस्थांत सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला गुण देतात. तेथे विनयापोटी गिळलेल्या गोष्टीला गुण मिळत नाहीत.

येथवर काम सुरळीत चालले. ओळखींचा विषय निघाला, तशा त्या आखडल्या. ‘वशिल्याने नोकरी मिळवायची असती तर कधीच मिळवली असती,’ त्या काहीशा तोऱ्यात म्हणाल्या. हा गैरसमज मी फार वेळा ऐकते, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. वशिला निवडीला बगल देतो; पात्रता असो वा नसो, कुणाच्या तरी शब्दावर माणूस आत जातो. ओळखीतून मिळते ती माहिती: तेथे काम प्रत्यक्षात कसे चालते, कोणती जागा निघण्याच्या बेतात आहे, कुणाशी बोलावे. दारापर्यंतचा रस्ता कळतो, आत जायला मुलाखत द्यावीच लागते.

मग मी त्यांना ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगितली. त्यांनी मोजकी नावे लिहिली, तीही सगळी शेजारच्या टेबलांवरची. रोज भेटणाऱ्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच दाखवून दिले होते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की त्या काळात तुम्ही त्या व्यक्तीला कितीदा भेटत होता. ‘वरचेवर’ असे सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. निम्म्याहून अधिक जणांची भेट अधूनमधून होत होती आणि सुमारे २८ टक्क्यांची क्वचितच. लिंक्डइनच्या कोट्यवधी सदस्यांवर केलेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच दिशेने जातो. त्यात मध्यम दुरावा असलेल्या ओळखी सर्वाधिक उपयोगी ठरल्या. म्हणून यादीत जुने सहकारी, सोडून गेलेले वरिष्ठ, प्रशिक्षणात भेटलेले लोक आणि समोरच्या बाजूने वाटाघाटी करणारे पुरवठादारही यायला हवेत. त्यांची यादी दुसऱ्या खेपेस पानभर झाली.

त्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला निरोप पाठवायचे ठरले. पहिला मसुदा असा होता: ‘आपल्या कंपनीत माझ्यायोग्य काही असल्यास कृपया कळवावे, आपले उपकार विसरणार नाही.’ असा निरोप वाचणाऱ्यासमोर होकार किंवा नकार एवढेच पर्याय उरतात, आणि नोकरी देणे बहुधा त्याच्या हाती नसल्याने तो गप्प बसतो. आम्ही तो बदलून असा केला: ‘तुम्ही खरेदीकडून पुरवठादार विकासाकडे वळलात. मीही तसा विचार करते आहे. त्या कामाचा दिवस कसा जातो, हे समजून घ्यायला वीस मिनिटे बोलता येईल का?’ निरोप टंकून झाला, माझ्यासमोर फोन हातात होता आणि बोट हलेना.

‘उत्तरच आले नाही तर?’

‘तर काय होईल?’

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘त्यांच्या लेखी मी कुणीच नाही, हे सिद्ध होईल.’

पाठ केलेली वही, ‘आमचा विभाग’, वशिल्याविषयीचा तोरा, या सगळ्यांच्या तळाशी हे वाक्य बसले होते. अशा वेळी धीर देणारे शब्द ओठांवर येतात. ते मी जाणीवपूर्वक आवरते, कारण धीराने भीती झाकली जाते, तपासली जात नाही. मी विचारले, ‘गेल्या वर्षभरात तुम्हाला असा निरोप कुणाचा आला होता का?’

‘आला होता ना. एका मुलीचा. आधी आमच्याकडे प्रशिक्षणार्थी होती.’

‘काय उत्तर दिलेत?’

‘राहूनच गेले.’

‘ती तुमच्या लेखी कुणीच नव्हती म्हणून?’

‘छे हो! वर्षअखेरीची गडबड होती, नंतर—’ आणि त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. माझ्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले आणि खळखळून हसल्या. त्यांनी निरोप पाठवला. त्यापाठोपाठ त्या मुलीलाही दिलगिरीचे चार शब्द पाठवले, आणि हे मी सुचवलेले नव्हते.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेत शिकले आहे, हे जाणकार वाचकाच्या लक्षात आले असेलच. घटनेपेक्षा घटनेला आपण लावलेला अर्थ आपल्याला अधिक छळतो, आणि तो अर्थ पुराव्यावर घासून पाहता येतो, हे त्या परंपरेचे सार. एलिस यांनी स्वतः एकोणिसाव्या वर्षी लाजाळूपणा घालवण्यासाठी एका उद्यानात शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला होता. आज तसे कुणी करावे, असे मी मुळीच सुचवणार नाही, पण नकार ओढवून घेतल्याने आभाळ कोसळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष मला रोज उपयोगी पडतो. त्या दिवशी पुरावा बाहेरून आणावा लागला नाही, तो त्या बाईंच्याच फोनमध्ये होता, आणि तो त्यांच्याच तोंडून निघाला याचे समाधान मला आजही वाटते.

उत्तर आठवड्याने आले. उत्तर आले, यात नवल नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मदत मिळवण्यासाठी जितक्या लोकांना विचारावे लागेल असा अंदाज सहभागींनी बांधला होता, त्याच्या साधारण निम्म्याच लोकांना प्रत्यक्षात विचारावे लागले. त्या सहकाऱ्याकडे जागा नव्हतीच. मात्र बोलण्याच्या ओघात त्याने एक गोष्ट सांगितली: विभागप्रमुखाच्या ज्या पदामागे त्या लागल्या होत्या, त्याचा बराचसा वेळ अहवाल आणि बैठकांत जातो, माणसांशी वाटाघाटी करायला फारशी सवड उरत नाही. आणि त्यांना कामात आवडायच्या त्या नेमक्या वाटाघाटी. समाधान देणारे काम शोधायचे तर ओळखींचा हा उपयोग मला नोकरी लागण्याहूनही मोलाचा वाटतो, कारण जाहिरातीत पदाचे नाव असते, त्या पदावरचा दिवस नसतो.

त्यानेच आणखी एक नाव सुचवले, तिथून तिसरे. मध्यंतरी एका मुलाखतीत पुन्हा नकार आला, पण या वेळी त्यांनी घरी येऊन मुलाखतीतले प्रश्न त्याच संध्याकाळी लिहून काढले आणि कोणता प्रसंग अपुरा पडला ते मला सांगितले. पुढची मुलाखत पुरवठादार विकासाच्या जागेसाठी होती. तेथे वही नेली नाही. ‘काही विचारायचे आहे का?’ या प्रश्नावर पूर्वी त्या ‘नाही’ म्हणत. या वेळी, पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसाने कोणती अडचण सोडवावी अशी तुमची अपेक्षा आहे, असे विचारले, आणि तिथून पुढे गप्पाच झाल्या. निवड झाल्यावर त्यांनी वाटेत मदत केलेल्या प्रत्येकाला, अगदी जागा नव्हती त्यालाही, निकाल कळवला. हे काम लोक हमखास विसरतात आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘ओळख नाही’ म्हणतात.

ज्यांची यादी पहिल्या खेपेस दोन-तीन नावांवर अडते, त्यांनी आधी आपल्याला आलेले आणि उत्तराविना राहिलेले निरोप शोधावेत. ते पाठवणारी माणसे यादीत घालता येतात, आणि त्यांना उत्तर देणे हे बहुतेकांना नवा निरोप पाठवण्यापेक्षा सोपे जाते.