डोहाळजेवणाला चंद्र-चांदण्यांची सजावट आणि द्यायच्या भेटी घरीच करायच्या आहेत, कशा कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण श्रावणात आहे, चंद्र-चांदण्यांची थीम ठरलीय, सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नासेक बायका येतील, आणि सगळं हाताने केलं तर ते ‘घरगुती दिसेल का’ अशी धास्ती वाटतेय. या शेवटच्या तीन शब्दांसाठी मी उत्तर लिहायला बसलो. चंद्राचं नंतर बघू.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. पुठ्ठा, कामट्या, खळ आणि क्रेप कागद यांत हयात गेली. बायकोच्या डोहाळजेवणाला मी नाव केली होती. कल्पना आईची. हल्ली जिला थीम म्हणतात ती आपल्या बायकांनी केव्हाच करून ठेवलीय: चांदण्यातलं, नावेतलं, झोपाळ्यावरचं, वाडीतलं. आई म्हणाली, “झोपाळा काय, सगळेच बांधतात. कृष्णेकाठी राहतोस, नाव कर.”

नाव म्हणजे अख्खी नाव नव्हे. गरोदर बाईला पुठ्ठ्याच्या होडीत बसवायचं नसतं. ती बसते हाताच्या भक्कम खुर्चीवर, पाठीला लोड घेऊन, आणि नाव असते फक्त तिच्या पुढ्यात, गुडघ्यांच्या उंचीची, दोन्ही टोकांना उचललेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फ्रिजचे खोके मागून आणले. खोक्याचा पुठ्ठा नीट बघितलात तर आत बारीक नाळ्या दिसतील. एका थराच्या नाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून दोन थर एकमेकांवर चिकटवले, की तो पुठ्ठा प्लायवूडसारखा ताठ होतो. मात्र वाळेपर्यंत गादीखाली सपाट दाबून ठेवावा लागतो, नाहीतर पापडासारखा वळतो. वरून वर्तमानपत्राचा एक थर, त्यावर तपकिरी रंग, आणि फळ्यांच्या रेघा काळ्या रंगाने ओढलेल्या. शीड वडिलांच्या जुन्या लाल काठाच्या धोतराचं. डोलकाठीचा बांबू वाळूने भरलेल्या बादलीत रोवला आणि बादली नावेमागे दडवली. लाटा तीन निळ्या छटांच्या क्रेपच्या, सगळ्यांत गडद पट्टी मागे आणि फिकी पुढे. नावेच्या कडेला पांढऱ्या शेवंतीची माळ.

पुण्याहून माझे साडू आले. बूट काढता काढता त्यांनी नावेकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय मास्तर, यंदा गॅदरिंग लवकर घेतलंत?”

हशा पिकला. बायको आतल्या खोलीत हिरवा चुडा भरत होती, तिलाही ऐकू गेलं. चित्रकलेच्या शिक्षकाला गॅदरिंगवरून बोलणं म्हणजे काय, ते दुसऱ्या चित्रकलेच्या शिक्षकालाच कळेल. वर्षभर आम्हाला कोणी विचारत नाही, आणि गॅदरिंग आलं की पडदा, मुकुट, तलवारी, पताका सगळं आमच्या गळ्यात. ते झालं की हेच लोक म्हणणार, छान होतं, पण शाळेसारखं होतं. अहो, शाळेतच केलं होतं!

बायकांचा कार्यक्रम सुरू झाल्यावर मला अर्थातच बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या दारातून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. मिरजेची माझी आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी बेजार. तिने नावेच्या कडेवरून हात फिरवला, माझ्या बायकोची वेणी नीट केली, आणि कोणी आग्रह करायच्या आत पहिल्या महिन्यापासून डोहाळे म्हणायला सुरुवात केली. एकेका महिन्याचं कडवं, प्रत्येक कडव्यात वेगळं खाणं. तरुण मुलींना एकही ओळ येत नव्हती, पण त्या मोबाइल खाली ठेवून ऐकत होत्या. मामेसासऱ्यांचा नातू डोलकाठीला लोंबकळला. बादली हलली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण साडूंनी नंतर ‘ते पडलं असतं’ असंही म्हणून पाहिलं.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडे डोहाळजेवण होतं, पुण्यात, हॉल घेऊन, डेकोरेटरला पंधरा हजार देऊन. फुग्यांची कमान, सिंहासनासारखा सोफा, आणि मागे पांढऱ्या थर्माकोलची भली मोठी इंग्रजी अक्षरं. फुलांचे दागिने कापडी होते, मुकुटाची तार मेहुणीला कानामागे टोचत होती, ती सारखी हात वर नेत होती. डेकोरेटरची वेळ चार वाजेपर्यंत. साडेतीनलाच त्याची पोरं शिडी घेऊन आली, कारण संध्याकाळी कुठेतरी वाढदिवस होता. पंगत अजून उठायची होती आणि दोन मावश्यांनी ओटी भरायची राहिली होती. त्या ओट्या शेवटी उघड्या भिंतीसमोर भरल्या गेल्या. फोटोत मागे स्विचबोर्ड आलाय.

मी गप्प बसायला हवं होतं असं बायकोचं मत आहे. मी गप्प बसलो नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने सजावटीचं थर्माकोल बंद झालंय, त्या वर्षी गणपतीच्या मखरांवरून केवढा गहजब झाला होता, हे मी साडूंना हॉलच्या पायरीवर उभं करून सांगितलं. (पुढे १ जुलै २०२२पासून केंद्रानेही ते देशभर बंद केलं. तो मेसेज मी त्यांना पाठवला. उत्तर आलं नाही.) त्यांचं म्हणणं ठरलेलं: “तुमच्या वेळेची किंमत धरा मास्तर, मग कळेल नाव केवढ्याला पडली.” माझं म्हणणं, माझी दिवाळीची सुट्टी मी कशात घालवावी ते मी ठरवीन. हा वाद आमच्यात अजून चालू आहे, प्रत्येक लग्नात एकदा तरी होतो.

तर, घरगुती दिसेल का? दिसेल. घरचंच कार्य आहे, दुसऱ्या कोणाचं दिसायला हवंय का? ढिसाळ मात्र दिसता कामा नये. ढिसाळ दिसतं ते तीन गोष्टींनी: वेडीवाकडी कापलेली कड, दिसणारा सेलोटेप, आणि पाच-सहा रंगांची खिचडी. कड धारदार कटरने कापा, टेप मागून लावा, रंग तीनच ठेवा. तुमच्यासाठी गडद निळा, पांढरा, चंदेरी. हिरवी साडी त्यावर आपोआप उठून दिसते. आकाश म्हणून काळं कापड लावू नका. मला काळ्याचं वावडं नाही, पण घरातल्या मोठ्या बायका कुरकुरतील आणि बहिणीला दिवसभर ते ऐकावं लागेल. निळा म्हणजे मुलगा का, असं कोणी विचारलं तर आकाश निळंच असतं म्हणा. गर्भलिंग सांगायला १९९४च्या कायद्याने बंदी असलेल्या देशात गुलाबी-निळ्याचं ते परदेशी खूळ कशाला? पेढा-बर्फीच्या वाट्याही मी तरी ठेवणार नाही. बर्फी निघाल्यावर एखाद्या आजीचा पडलेला चेहरा सगळ्यांना दिसतो, त्या मुलीलाही.

आता चंद्र. पाच फुटी चंद्रकोर मागे उभी करा, पुढे खुर्ची. पुठ्ठ्याचे तुकडे जोडून, वर सांगितलं तसे दोन थर करा. दोन थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. मधोमध खिळा रोवून अडीच फूट सुतळीला पेन्सिल बांधा आणि वर्तुळ काढा. मग खिळा एक फूट बाजूला सरकवा आणि दोन फूट सुतळीने दुसरं वर्तुळ काढा. दोन्हींच्या मधला भाग म्हणजे तुमची कोर, पोटाशी दीड फूट रुंद आणि टोकांना निमुळती. पाठीला बुरुडाकडून आणलेल्या कामट्या सुतळीने शिवून घ्या, नुसत्या चिकटवू नका. शिवल्यावर मग पुढून चंदेरी कागद लावा, म्हणजे टाके झाकले जातील. आणि खाली वाळूची बादली. श्रावणात मैद्याच्या खळीवर दमट हवेने बुरशी येते, तेव्हा फेव्हिकॉल वापरा. पुस्तकांचे बाइंडर खळीत मोरचूद घालतात तसं तुम्ही घालू नका, ते विषारी असतं. चंदेरी कागदावर सुरकुती पडणारच. म्हणून तो एका तावात न लावता हाताएवढ्या तुकड्यांत लावा, मग सुरकुत्याही चंद्रावर शोभतात. चांदण्यांसाठी आकाशकंदिलाचा उरलेला कागद आणि दिवाळीच्या दिव्यांच्या माळा माळ्यावरून काढा. नवीन काही आणायची गरज नाही.

दागिने खऱ्या फुलांचेच करा. शिंप्याकडून बुक्रम, म्हणजे कॉलरमध्ये घालतात ते ताठ कापड, आणा, त्याची बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट यांच्या मापाने पट्टी कापा, आतून मऊ सुती कापड लावा आणि वरून निशिगंधाच्या कळ्या एकाला एक खेटून शिवा. मधेमधे पांढरी शेवंती. मोगरा संध्याकाळी उमलतो, त्यामुळे कार्यक्रम दुपारचा असेल तर मोगऱ्याच्या नादी लागू नका. गुलाबाच्या पाकळीला सुई लागली की तिथे काळी पडते. आदल्या रात्री करून ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताजे राहतात.

भेटींबद्दल माझी मतं तिखट आहेत. सुगंधी मेणबत्ती, फोटोचा मग, प्लास्टिकच्या दुधाच्या बाटलीत भरलेल्या गोळ्या, यांतलं काहीही नको. त्या बाटलीचं तर मला नवलच वाटतं. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने मनाई आहे आणि आपण त्या हौसेने घरोघर वाटतो. डिंकाचे, अळिवाचे लाडू सुचवणारेही भेटतील. ते बाळंतिणीचं खाणं, ते बाळंतिणीसाठी राहू द्या. आमच्याकडे आईने खणाचे बटवे शिवले होते. स्टीलची ताटली उलटी ठेवून खडूने गोल आखायचा, कड दुमडून शिवायची, आत नाडी ओवायची, झालं. कड दुमडायचा कंटाळा करू नका, खण लगेच उसवतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा अस्सल खण महाग पडतो, पण एका खणात बरेच बटवे निघतात, आणि जुन्या चोळ्यांचा खण घरात असेल तर तोही चालतो. आत आम्ही सांगलीची हळद आणि बेदाणे भरले. आमच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा मी जरा मिरवणारच. तुम्ही तुमच्या गावचं जे चांगलं असेल ते भरा. पन्नास जणींना शंभर शंभर ग्रॅम बेदाणे म्हणजे पाच किलो, होलसेलमध्ये घ्या. बटव्यावर नाव, तारीख, बाळाची पावलं असलं काही चिकटवू नका, म्हणजे पुढे त्यात कोणी सुपारी ठेवेल, कोणी कानातली.

हे सगळं लिहून झाल्यावर दोन-चार गोष्टी आठवल्या. स्वस्तात होईल असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फुलं सणावारात महागच असतात आणि श्रावणात सणांना तोटा नाही. करायला दोन-तीन माणसं हाताशी हवीत. एकट्या बाईवर टाकणार असाल तर डेकोरेटर बोलवा, मी साडूंना सांगणार नाही. बहिणीला स्वतःला कामाला लावू नका, तिला हौस असली तरी बसून कळ्या निवडण्यापलीकडे काही नको. सोसायटीच्या सेक्रेटरीला भिंतीवर काय लावून चालतं ते आधी विचारा. औक्षणाचं निरांजन तिच्या चेहऱ्याभोवती फिरतं तेव्हा आजूबाजूला क्रेप, नेट किंवा लोंबणाऱ्या चांदण्या हातभर अंतरात तरी असू नयेत. ताम्हण धरणाऱ्या पाच जणींचं लक्ष गाण्याकडे असतं.

आणि निशिगंधाचा वास दिवस गेलेल्या सगळ्याच बायकांना सोसत नाही. फुलं आणायच्या आधी एक दांडी बहिणीला हुंगायला द्या. तिला मळमळलं तर सगळे दागिने शेवंतीचे करा.