वाचकांचे प्रश्न : बीट जमादार गावात का दिसत नाहीत?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, ठाण्यापासून 26 किलोमीटरवर आहे. यंदा वावरातील मोटारपंपाची केबल दोनदा चोरीला गेली. बीट जमादार (ठरावीक गावे नेमून दिलेले हवालदार) पोळ्याला दिसले, ते एकदम शारदादेवीच्या विसर्जनालाच पुन्हा दिसले. ठाण्यात विचारले की ‘माणसे कमी आहेत’ असे उत्तर मिळते. हे खरे मानावे काय? — एक कास्तकार

उत्तर : खरे माना, पण ते पूर्ण उत्तर नाही. मी नोकरीची बरीच वर्षे ग्रामीण ठाण्यांत काढली असल्यामुळे संध्याकाळी हेड मोहरर (ठाण्यातला मुख्य कारकून-हवालदार) दुसऱ्या दिवसाची हजेरी लावताना कितीदा तरी पाहिले आहे. समजा, पटावर चाळीस नावे आहेत. त्यांतून साप्ताहिक सुटी, रजा आणि प्रशिक्षण वजा होते. मग ठाणे अंमलदार, संगणकावर बसणारा, वायरलेसवाला, 112 च्या गाडीवरचे दोघे-तिघे, न्यायालयात पैरवीला जाणारा, समन्स-वॉरंट घेऊन फिरणारा, आरोपीला वैद्यकीय तपासणीला नेणारे दोघे आणि रात्रगस्तीचे लोक बाजूला निघतात. उरलेल्या आठ-दहा जणांच्या नावांपुढे हेड मोहरर पेन्सिलीने ‘बीट’ लिहितो. पेन्सिलीने अशासाठी, की रात्री नऊला बंदोबस्ताचा संदेश आला की तीच नावे आधी खोडली जातात. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले की विदर्भातल्या जिल्ह्यांचे मनुष्यबळ तिकडे ओढले जाते आणि तेवढ्या दिवसांत खेड्यातले बीट जवळजवळ कागदावरच उरते. बंदोबस्तात कसूर झाली तर दुसऱ्याच दिवशी जाब विचारला जातो, बीटवर न गेल्याचा जाब मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते दुखणे संख्येपेक्षा इथे अधिक आहे.

आता आपल्या केबलविषयी. दोन्ही वेळा तक्रार नोंदवली होती काय, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझा अंदाज असा की नोंदवली नसावी. 26 किलोमीटर जाऊन दिवसाची मजुरी बुडवायची कशाला, असे गावात म्हणतात. ते मला समजते. परंतु गस्त कुठे लावायची हे ठरवताना ठाणेदार नोंदलेले गुन्हे पाहतो, आणि त्या नोंदीत आपल्या शिवारात चोरी झालेलीच नाही.

तक्रारीत मालाची किंमत नीट लिहा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीप्रमाणे 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. शंभर मीटर केबल गेली असताना ‘थोडी वायर गेली’ असे सांगणारा कास्तकार स्वतःच आपला तपास थांबवतो. दुकानाचे बिल असेल तर सोबत न्या, नसेल तर लांबी, जाडी आणि खरेदीचे साल सांगा. गुन्हा दाखल झाल्यावर प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेतला नाही, तर कलम 173 प्रमाणे तीच माहिती जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते.

बीटसाठी ग्रामसभेने ‘जादा पोलीस द्या’ असा ठराव घेऊन फारसे काही होत नाही, असे ठराव मी फायलीत पडलेले पाहिले आहेत. त्याऐवजी महिन्यातला एक ठरलेला दिवस मागा, शक्यतो बाजाराचा, आणि त्या दिवशी बीट अंमलदार पोलीस पाटलांकडे येऊन गेल्याची नोंद भेट वहीत तारखेसह होऊ द्या. तीन महिने वही कोरी राहिली तर उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांपुढे ठेवायला आपल्या हातात काहीतरी असेल.

प्रश्न : मी पोलीस पाटील आहे. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन भावांत दरवर्षी पेरणीच्या तोंडावर भांडण होते. ठाण्यात एन. सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवतात आणि दोघेही माझ्यावर रागावतात.

उत्तर : रागावू द्या, पाटील. धुरा कुणाचा हे ठाणेदार ठरवू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते; पांदण (शेताकडे जाणारी वाट) अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जावे लागते, आणि तेही अडवणूक झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. पोलिसांचे काम डोकी फुटू न देण्याचे आहे. म्हणून एन. सी.ची नोंद निरुपयोगी समजू नका. नव्या संहितेनुसार अशा नोंदींचा दैनंदिन अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जातो, आणि एकाच धुऱ्यावरच्या दोन-तीन नोंदी दाखवता आल्या की कलम 126 खाली शांततेचे बंधपत्र घेण्याचा प्रस्ताव पाठवणे ठाणेदारास सोपे जाते. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे गावातील अशी कुणकुण वेळीच वर कळवणे हे आपलेच कर्तव्य आहे. तेव्हा मृगाची वाट न पाहता मे महिन्यातच लेखी कळवा आणि पोच घ्या.

प्रश्न : आमचे ठाणेदार चांगले होते, आठ महिन्यांतच बदलले. याला काही नियम आहे काय? — एक शिक्षिका, बुलढाणा जिल्हा

उत्तर : आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात ठाणे प्रमुखाला किमान दोन वर्षे द्यावीत असे सांगितले, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम 22-न आले. त्यानुसार पोलीस उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कालावधी दोन वर्षांचा आहे, शिपाई-हवालदारांचा पाच वर्षांचा. मात्र लोकहित आणि प्रशासकीय निकड ही कारणे दाखवून मुदतीआधी बदली करण्याची वाटही त्याच कायद्यात ठेवलेली आहे, आणि ती वाट बरीच वापरात आहे. आपल्यापुरते एक करता येईल : जुन्या साहेबांनी शाळेसाठी जे सुरू केले होते (सुटीच्या वेळची गस्त असो की मुलींसाठीची तक्रारपेटी), त्याचे एक पानी टिपण मुख्याध्यापकांच्या सहीने नव्या ठाणेदारांना पहिल्या पंधरवड्यातच द्यावे. पेटीची किल्ली कुणाकडे आहे, तेही त्यात लिहावे. बदलीच्या गडबडीत ती हमखास जुन्या साहेबांच्या टेबलाच्या खणात राहते.