डबा रिकामा का पाठवायचा नाही?

प्रिय चिऊ,

परवा हॉकीच्या सरावाला जाताना तू गाडीत विचारलंस, "शेजारच्या आजींची 'पाय'ची (त्या भाजलेल्या गोड पदार्थाची) डिश धुऊन ओट्यावर तशीच पडली आहे. माझ्या मैत्रिणीची आई त्याच दिवशी परत देऊन टाकते. आपण ती भरूनच का द्यायची? मग त्या पुन्हा काहीतरी देणार, मग आपण पुन्हा. हे संपणार कधी?" तेवढ्यात रिंक आली आणि उत्तर राहून गेलं. दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं ते नाहीच, म्हणून लिहिते आहे.

ते संपू नये, म्हणूनच तर ही रीत आहे. घेतलं तेवढं परत केलं की हिशेब मिटतो आणि हिशेब मिटला की एकमेकांच्या दारात जायला निमित्त उरत नाही. आजीला फोनवर विचारलंस तर ती एवढंच म्हणेल, "रिकामं भांडं देऊ नये गं, तसं नसतं करायचं." तिला कुणी कारण सांगितलं नव्हतं, मलाही नाही. पण कराडला आमच्या आळीत ते रोज डोळ्यांसमोर घडायचं. साखरेची सपाट वाटी उसनी आणली, तर परत करताना वर शीग लावायची. कुणाचं विरजण संपलं, की आमच्या घरातून जायचं आणि पुढच्या आठवड्यात आमचं बिघडलं, की त्यांच्याकडून यायचं. दिवाळीत फराळाचं ताट क्रोशाच्या रुमालाखाली झाकून जायचं आणि येताना त्यावर त्यांच्या चकल्या, त्यांची शंकरपाळी असायची. घरात द्यायला काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर तरी भांड्यात पडायची.

मला यातली सर्वात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलेलं असायचं, तिथे दिवाळीचा फराळ करत नसत. त्या घरी आसपासच्या सगळ्यांकडून डबे जायचे आणि ते रिकामे परत आले तरी कुणाच्या मनात काही यायचं नाही. म्हणजे नियम पाळायचा कधी आणि सोडायचा कधी, हे दोन्ही त्या बायकांना कळत होतं.

शेतावर हीच गोष्ट पुरुष करायचे. आजोबा इर्जिकेबद्दल सांगायचे. एखाद्याचं रान नांगरायचं मागे पडलं, बैल दगावला किंवा माणूस आजारी पडला, की गावातले लोक आपापले बैल-नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायचे. मजुरी कुणी घ्यायचं नाही. ज्याचं रान त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पुढे दुसऱ्या कुणावर वेळ आली, की हाही आपली जोडी घेऊन जाणार, हे न बोलताच ठरलेलं असायचं.

आता इथलं बघ. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातलं आपलं मूस जॉ हे जेमतेम चौतीस हजार वस्तीचं शहर. को-ऑपच्या दुकानात, रिंकवर, क्रेसेंट पार्कमध्ये तीच तीच माणसं भेटतात. गेल्या जानेवारीत उणे पस्तीस असताना बाबा गावाला गेले होते, तेव्हा समोरचे काका स्वतःच्या दारातलं बर्फ काढून झाल्यावर स्नोब्लोअर आपल्या ड्राइव्हवेवरूनही फिरवून गेले. बेलसुद्धा वाजवली नाही. मी पैशांचं विचारलं तेव्हा हात हलवला आणि आत गेले. बॅटरी उतरलेल्या गाडीला केबल लावून द्यायला इथे अनोळखी माणूसही थांबतो. ऑगस्टअखेर ज्याच्या त्याच्या बागेत झुकिनी उतू जाते आणि आपल्या पायरीवर पिशव्या येऊन पडतात. कुणी ठेवल्या तेही बऱ्याचदा कळत नाही.

आणि फॉल सपर, म्हणजे सुगीनंतरचं गावजेवण! परवा आपण त्या छोट्या गावातल्या हॉलमध्ये जेवलो. टर्की, ग्रेव्ही, कॅबेज रोल, पेरोगी (सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या) आणि टेबलभर 'पाय'. एका रिकाम्या डिशच्या तळाला मास्किंग टेप लावून नाव लिहिलेलं तुला दिसलं आणि तू विचारलंस, हे कशाला? इतक्या घरांतून भांडी येतात, जेवणानंतर प्रत्येक भांडं आपल्या घरी पोचायला हवं, म्हणून. सुगी संपली की गावातलं प्रत्येक घर काहीतरी रांधून आणतं आणि तिकिटांचे पैसे चर्चला किंवा हॉलला जातात. इथे अंत्यविधीनंतरही हॉलमध्ये सँडविच आणि गोड वड्यांच्या थाळ्या मांडतात. त्या वड्यांना इथल्या बायका 'डेन्टीज' म्हणतात. दुःखातल्या घरावर त्या दिवशी चूल पेटवायची वेळ येऊ देत नाहीत. आमच्या आळीतले दिवाळीचे डबे मला तिथे आठवतात.

इथे ही सवय कशी रुजली ते तुला ठाऊक असावं. १८७२ च्या कायद्याने सरकार दहा डॉलरमध्ये १६० एकर जमीन देत होतं. त्यासाठी युक्रेन, जर्मनी, नॉर्वे, कुठून कुठून माणसं आली आणि एकमेकांपासून लांब लांब राहिली. पहिला हिवाळा कित्येकांनी गवताळ मातीच्या ढेपळांच्या घरात काढला. मळणीचं यंत्र एकेकट्याला परवडणारं नव्हतं. मग शेजारीपाजारी मिळून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर मळणी करत जायचे आणि ज्याचं शेत त्या घरातल्या बायका सगळ्यांचं जेवण करायच्या. इर्जिकच म्हणायची ती. इथे शेजाऱ्याशिवाय हिवाळा निघणं कठीण होतं, हे इथल्या जुन्या माणसांच्या हाडात मुरलेलं आहे.

पण ती जमीन मोकळी पडलेली नव्हती. तुमच्या शाळेत 'ट्रीटी ४' म्हणतात, तो या जमिनीबद्दलचा सरकारचा करार १८७४ मध्ये क्री, सोतो आणि असिनिबॉइन या इथल्या मूळच्या लोकांशी झाला. या मैदानी भागातल्या मूळच्या लोकांत समारंभात आपल्याजवळचं वाटून टाकायची मोठी परंपरा आहे. जो देतो त्याचा मान वाढतो. १८९५ मध्ये कॅनडा सरकारने कायदा बदलून अशा वाटण्याच्या समारंभांवर बंदी घातली आणि ती कायद्यातून निघाली १९५१ मध्ये. एखाद्या समाजाला मोडायचं तर त्याचं देणंघेणं तोडायचं, हे त्या अधिकाऱ्यांना पुरतं कळलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार राग आला. चिमूटभर साखरेची आपली रीत क्षुल्लक नाही, हेही मला त्याच दिवशी नीट उमगलं.

तुझ्या मैत्रिणीची आई डिश त्याच दिवशी परत करते, त्यात काही कमी नाही. ती सोबत कार्ड लिहून देते, तू पाहिलं आहेस. आपण घरच्या माणसांना, जवळच्यांना आभार मानत बसत नाही, ते भांड्यात घालून पाठवतो. शेजारच्या आजींना डिश स्वच्छ आणि लवकर मिळाली तरी त्या खूशच असतील. म्हणून 'आपली रीत बरोबर आणि त्यांची चूक' असं कधी मनात आणू नकोस.

या रीतीतलं एक मात्र मला मुळीच पटत नाही. देण्याचा मान सगळ्या घराचा आणि रांधायचं ओझं एकट्या बाईचं. माझी आई दिवाळीत पहाटेपासून भट्टीसमोर बसायची आणि रात्री तिच्याने जेववतही नसे. म्हणून आपल्या घरात डबा पाठवायचा, तर स्वयंपाकाला बाबा, दादा आणि तू, सगळे हवेत. नसतील तर पाव किलो साखर घालून भांडं पाठवू. आजीलाही ते चालेल, मी विचारलं आहे.

या शनिवारी आपण त्या डिशमधून अख्खा मसूर पाठवणार आहोत. सोबत चपात्या नाहीत, ब्रेड त्यांच्या घरी असतो. शेजारच्या आजींच्या मुलाच्या शेतात मसूरच पिकतो, पण त्यांना त्याचं सूप सोडून दुसरं काही करता येतं हे माहीतच नव्हतं. पन्नासएक वर्षांपूर्वी सस्कॅचेवानात मसूर जवळपास कुणी लावत नव्हतं. सस्कॅटूनच्या विद्यापीठातले अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये 'लेअर्ड' ही इथल्या हवेत टिकणारी जात आणली आणि आता इथला मसूर जगभर जातो, भारतातही. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवर मिळतो तसा, कांदा-लसूण मसाल्याचा, वर तर्री असलेला, त्यांच्या मुलाच्या मसुराचा अख्खा मसूर त्यांना खायला मिळावा, असं मला फार वाटतं. तिखट निम्मं घालू.

नेण्याआधी तू फोन करून त्यांना विचार, कशाची ॲलर्जी आहे का. शेंगदाण्याचं कूट आपण कशातही सहज घालतो आणि इथे ते एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं. दारात गेल्यावर काय आहे, कसं गरम करायचं, ते सांग. त्या आत बोलावतील. बूट काढून आत जा, दहा मिनिटं बस. त्यांच्या लहानपणच्या मळणीबद्दल विचार, त्यांना सांगायला आवडतं.

आणि कोपऱ्यावरच्या घरात नायजेरियाहून जे कुटुंब आलं आहे, त्यांच्याकडे आपलं अजून काहीच गेलेलं नाही. त्यांचा हा पहिला हिवाळा. त्यांच्या गाडीला इंजिन थंडीत गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर लावून घेतली आहे का, हे बाबा विचारतीलच. डब्यात काय द्यायचं ते तू आणि दादा ठरवा आणि शुक्रवारपर्यंत मला सांगा, म्हणजे सामान आणता येईल.

तुझी,
आई