पोटात मॉप राहिला तर?

प्रश्न: आईचं गर्भाशय काढायचं ठरलंय. पोटात कापूस विसरल्याच्या बातम्यांनी ती धसका घेऊन बसलीय. डॉक्टरांना काय विचारू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: ऑपरेशन थिएटरात नर्स होते, म्हणून सांगते. राहतो तो बहुधा कापूस नव्हे, मॉप, म्हणजे रक्त टिपायचा जाळीदार कापडाचा तुकडा. रक्तानं भिजला की आतड्यांत ओळखूच येत नाही. म्हणून त्यात एक्स-रेत दिसणारा धागा असतो. सुरुवातीला, पोट शिवण्याआधी आणि शेवटी दोघी नर्स मॉप मोठ्यानं मोजतात. मेळ बसला नाही तर सर्जन कितीही कावो, आधी शोधाशोध, मग एक्स-रे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या चेकलिस्टमध्येही ही मोजणी आहे. धोका जास्त तातडीच्या ऑपरेशनात; आईचं तर ठरवून आहे. "मोजणीची नोंद केसपेपरात करता ना?" एवढं बेधडक विचारा.