पैठण इतकं जुनं शहर, मग ते नेमकं गोदावरीकाठी त्याच जागी का वसलं?

मुख्य कारण व्यापार. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, गोदावरीच्या उत्तर काठावर. इथून वाटा नाणेघाटातून कल्याण-सोपारा या बंदरांकडे उतरत, तर उत्तरेला थेट गुजरातेतल्या भडोच बंदरापर्यंत जात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोच ते पैठण २० दिवसांचं अंतर दिलंय. अकीकासारखे शोभेचे दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर जात! शिवाय आसपास गोदेची काळी, कसदार जमीन, म्हणजे धान्याचीही सोय.

पुढे एकनाथांमुळे नाव झालं, पैठणीमुळे तर घरोघरी पोचलं. आज जाल तर जुनी नदी शोधू नका; १९७६ साली पूर्ण झालेलं जायकवाडी धरण गावाच्या अगदी वरच्या अंगाला आहे. घाटावर पाणी किती, ते आता दरवाजांवर ठरतं.